‘तुझी केस कुणी केली?’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच. माझ्या वर्कशॉपवर आलेलं करखात्याचं संकट ज्या बाईंनी निवारलं, त्या माझ्याच बोलावण्यावरून आमच्या शेडमध्ये जेवायला आल्या होत्या. या कोण म्हणून कुणी विचारलं, तेव्हा चारचौघांत मी म्हणालो, “बँकेतल्या मॅडम आहेत.” त्या बँकेतल्या नव्हत्या. त्यांचं नाव वंदना कांबळे. त्या कर सल्लागार होत्या, आणि माझी केस त्यांनी केली होती.

वंदनाताई जाऊन आता काही आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी शेडमध्येच होतो. जेवणं झाली होती, मशीन बंद होती, पोरं सावलीला लवंडली होती. गडमुडशिंगीच्या बाजूनं उसाच्या फडात पाचट पेटवल्याचा वास येत होता, गोडसर आणि धुरकट. त्या वासानं माझा डोळा लागत होता. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं म्हणून मी झोपेतच “बोला ताई” म्हणालो. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. “मी तिचा नवरा बोलतोय. तिच्या फोनमधल्या एकेकाला कळवतोय... वंदना सकाळी गेली.” मी म्हणालो, “बरं.” फोन ठेवल्यावर कळलं की आपण ‘बरं’ म्हणालो. कुणी काहीही सांगितलं की बरं म्हणायचं, ही माझी जन्माची सवय. तेव्हापासून दुपारची ती वेळ आली की मला धड जाग नसते आणि धड झोपही नसते. वाटतं, त्या समोरच्या स्टुलावर बसल्यात, चष्मा कपाळावर चढवलाय, आणि मी आधी बोलावं म्हणून थांबल्यात.

मी लोखंडाच्या कामातला माणूस. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनवर घासून, भोकं पाडून, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या कंपन्यांना पोचवतो. कराचं सगळं काम दाजी बघायचे. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान, जुने कर सल्लागार. बहिणीचा नवरा त्या धंद्यात असताना बाहेरच्याकडं जायचं, हा विचारच आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येत नाही. ते बहिणीचा अपमान केल्यासारखं होतं. जीएसटी आला तेव्हा नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल घालायचा होता. दाजी म्हणाले, “माझाच घालतो, तुला कशाला ताप?” मला ते प्रेम वाटलं, आणि ते होतंही. पण त्या दिवसापासून सरकार जे काही मला सांगत होतं ते दाजींच्या फोनवर जात होतं. नव्या पद्धतीत दाजींचा जीव रमत नव्हता. एखादी गोष्ट कळली नाही की ते तसं सांगायचे नाहीत, ती बाजूला ठेवून द्यायचे. लबाडी नव्हती त्यात. मेहुण्यासमोर आपल्याला जमत नाही असं कसं म्हणायचं, एवढंच.

एका सकाळी खात्यातले एक अधिकारी शेडवर आले. “तुम्ही एकाही नोटिशीला उत्तर देत नाही, हे काय?” मी म्हणालो, “कसल्या नोटिशी साहेब?” ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी सोंग करतोय असं त्यांना वाटलं असणार. झालं होतं असं की, ज्या व्यापाऱ्याकडून मी माल घ्यायचो त्याची नोंदणी खोटी निघून रद्द झाली होती. त्याला मी दिलेला कर त्यानं सरकारात भरलाच नव्हता, आणि मी मात्र तो माझ्या करातून वजा करून घेतला होता. आता खातं तो कर व्याज आणि दंडासकट परत मागत होतं. आकडा बघून मला पहिल्यांदा शेड दिसली नाही. ती विकल्यावर उरेल ती मोकळी जागा दिसली. दाजींकडं गेलो तर म्हणाले, “मी बघतो. तू निवांत झोप.” त्यानंतर मी झोपलोच नाही. किती दिवस, ते आता सांगता येत नाही. अंथरुणावर पडलो की छताचा पंखा लेथसारखा कातत राहायचा, आणि सकाळी सगळं अंग भुश्शासारखं सुटं सुटं व्हायचं.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात मी एकटाच बसलो होतो. दाजी येणार होते, ‘जरा अडकलोय’ म्हणून त्यांचा निरोप आला. त्याच बाकावर पलीकडं एक बाई एका वयस्क किराणा दुकानदाराला फाइलचं पान नि पान वाचून दाखवत होत्या. मधूनच त्यालाच वाचायला लावत होत्या. म्हातारा वैतागून म्हणाला, “म्याडम, मला का शाळंत बसवताय? सही कुठं करायची तेवढं सांगा की.” त्या म्हणाल्या, “मामा, सही तुमची हाय नव्हं? मग वाचणार कोण, मी?” म्हातारा वाचू लागला. थोड्या वेळानं त्या शांतपणे म्हणाल्या, “हे बघा, ह्या मुद्द्यावर आपण हरणार. हे भरायचं. हा दुसरा मुद्दा मात्र मी सोडत न्हाय.” म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पिशवीतून काढून त्यांना चिक्की दिली. ‘आपण हरणार’ असं सांगणारा सल्लागार मी तोवर पाहिला नव्हता. मला भेटलेला प्रत्येकजण जिंकूनच देणार होता. कुणी साहेबाला ओळखत होता, कुणी साहेबाच्या साहेबाला, आणि एकानं तर पाकीट किती जाड लागेल तेही हातानं दाखवलं होतं. मला पुढची तारीख मिळाली आणि मी उठून त्या बाईंच्या मागं जिन्यापर्यंत गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. त्यांनीच वळून विचारलं, “काय पावणं, तुमची बी केस हाय का?”

त्यांचं ऑफिस राहत्या घराच्या वरच्या खोलीत होतं. खाली पाटीवर आडनाव होतं. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती होती. मी दोन्ही पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मी तसं केलेलं त्यांनी पाहिलं. एवढं सगळं अर्ध्या क्षणात झालं, आणि त्या म्हणाल्या, “बसा दादा. पोर्टलवर नंबर कुणाचा हाय?”

मी सांगितलं, दाजींचा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या दारावर टकटक होतीय आणि दार उघडायला दाजी. बरं. आता मला एकच सांगा. हा माल खरंच आला होता?”

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. दाजींनी नाही, पाकीटवाल्यानं नाही, बायकोनं नाही. मी म्हणालो, “आला होता की.” बाहेर कुठंतरी पोरं क्रिकेट खेळत होती, तो आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. त्यांनी माझ्यापुढं चहा सरकवला आणि खिडकीकडं बघत बसल्या. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं की बहुतेक माल आला होता, काही आला नव्हता. हात तंगीत होता, व्यापारी म्हणाला नुसतं बिल घे, कर वाचेल, आणि मी घेतलं. हे दाजींनाही माहीत नव्हतं. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की डोळे मिटायला लागले.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “मग ही बिलं आपण आधी कबूल करायची. कर, व्याज, लागंल तो दंड, भरून टाकायचं. ती मध्ये ठेवली तर बाकीच्या खऱ्या बिलांवर पण ते विश्वास ठेवणार न्हाईत. खऱ्यासाठी मी भांडते. माल आला त्याचा पुरावा काय काय हाय, ते आणा.”

मी पोत्यात भरलेल्या वजनकाट्याच्या पावत्या आणल्या. ट्रकच्या पावत्या, बँकेतून पैसे दिल्याचे उतारे आणले. पुढचे कितीतरी दुपारचे तास त्या खोलीत गेले, आणि आता ते सगळे मिळून एकच दुपार वाटते. अर्धा पडदा ओढलेला, कागदांवर हिरवट उजेड, खालून भाकरी थापल्याचा आवाज. त्या मला वाचायला लावायच्या. पोर्टलवर माझा नंबर घालून घेतला, पासवर्ड माझ्याकडूनच टाइप करून घेतला, आणि तो टाइप करताना स्वतः तोंड फिरवून बसल्या. “मला नका दाखवू. मी उद्या वाईट निघाले म्हंजे?” पहिल्याच आठवड्यात वाचता वाचता मी खुर्चीत झोपलो. दचकून जागा झालो तर ऊन खिडकीतून कपाटावर गेलं होतं, अंगावर पंख्याचा वारा लागू नये म्हणून त्यांनी पंखा कमी केला होता, आणि त्या माझ्या वाटणीच्या पावत्या लावत बसल्या होत्या. मी ओशाळून उठलो. “झोपा की,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “किती दिवसांची बाकी हाय ती?” मी पुन्हा झोपलो. माझ्या घरी, माझ्या माणसांत जी झोप आली नव्हती, ती मला त्या खोलीत आली. विश्वासाचा माणूस कसा ओळखायचा असं मला आज कुणी विचारलं तर माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

आदेश आला तो आमच्या बाजूनं. कबूल केलेलं मी आधीच भरलं होतं, खऱ्या बिलांवरची मागणी खात्यानं सोडून दिली. शेड वाचली. ताईंनी फोन केला आणि म्हणाल्या, “आदेश आधी स्वतः वाचा. मग नाचा.” मी घरी गेलो, तर अक्का आली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “तरी मी म्हणत होते, तुझे दाजी काही ना काही करतीलच की!” दाजी खाली बघत बसले होते. त्यांना माहीत होतं की मी दुसरीकडं गेलोय. कुणाकडं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. अक्काचा तो उजळलेला चेहरा... आणि मी नेहमीसारखा म्हणालो, “बरं झालं.” गोष्ट तिथं सुरू झाली. मी ती रचली नाही, फक्त थांबवली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. लेथला झेंडूची माळ, हत्यारांना हळदकुंकू, आणि मग शेडमध्येच पंगत, तांबडा-पांढरा रस्सा. त्या वर्षी जेवण मोठं केलं होतं. आमच्या वसाहतीत रीत अशी की मोठ्या अडचणीतून सुटलेला माणूस सोडवणाऱ्याला सगळ्यांसमोर फेटा बांधतो. तो नुसता मान नसतो. तेवढ्यावरून लोकांना कळतं की आता कुणाकडं जायचं. पाट्या आणि कार्डं आमच्यात कुणी बघत नाही. ‘तुझी केस कुणी केली?’ एवढं विचारतात, आणि जे नाव मिळतं त्याच्या दारात जातात. मी ताईंना बोलावलं होतं. बोलावलं आणि मनातून म्हणत होतो, येऊ नयेत. त्या आल्या. बरोबर पेढे होते. तेव्हा दाजींच्या डोक्यावर फेट्याचा शेवटचा वेढा चालला होता.

चुलत्यांनी विचारलं, “ह्या कोण पावण्या?” आणि मी ते बोललो. दाजींसाठी बोललो, अक्कासाठी बोललो, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलोय. ते अर्धंच खरं आहे. दुसरं अर्धं म्हणजे ती खालची पाटी. शेडमध्ये बसलेल्या माझ्या भावकीला, एका कांबळे बाईंनी मला वाचवलं, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. दाजी नसते तरी ती उचलली असती का, हे मला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणणंसुद्धा कदाचित पळवाटच असेल.

ताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ताट घेतलं. चुलते लगेच सरसावून बसले. “म्याडम, म्हशीला कर्ज मिळंल का हो तुमच्यात?” मला वाटलं, संपलं आता. पण त्या भाकरी मोडत म्हणाल्या, “मिळंल की काका. पण म्हैस कुणाच्या नावावर घेणार, ते आधी सांगा.” चुलते म्हणाले, “बायकोच्या. म्हंजे शेण तीच काढंल.” सगळी पंगत हसली. त्याही हसल्या. सगळ्यांपेक्षा जरा उशिरापर्यंत हसल्या. मी वाढपी होतो, हातातली रश्श्याची बादली मला आठवते, ती वाफ आठवते, आणि त्या वाफेपलीकडं दिसणाऱ्या त्या. मला आजही त्या वाफेतून चालत जायचं स्वप्न पडतं, आणि पंगत संपतच नाही.

काही दिवसांनी फी द्यायला गेलो, तर दारातच म्हणाल्या, “या, बँकेचा हप्ता भरायला आलात व्हय?” मी मान खाली घातली. त्यांनी चहा मागवला. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला वाटलं, मिटलं. मी वर्षातून दोनचारदा जात राहिलो, कामासाठी कमी आणि त्या खुर्चीसाठी जास्त. आमच्या वसाहतीतलं एकही गिऱ्हाईक त्यांच्याकडं कधी आलं नाही. त्यांच्याकडं यायचे ते किराणावाले, बेकरीवाले, लहान ठेकेदार. एकदा मी भीतभीत विचारलं, “ताई, काम बरं चाललंय नव्हं?” “चाललंय की,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दाजींचं कसं चाललंय? गर्दी असंल.” आवाजात काही नव्हतं. नसल्यामुळंच मला ते अजून ऐकू येतं.

आणि गर्दी होतीच. त्या फेट्यानं केली होती. त्या गर्दीत आनंदा होता. आनंदाची शेड माझ्या शेडला लागून. एका मशीनवर सुरू केलेला, हसरा, मोठ्यानं बोलणारा गडी. त्याला नोटीस आल्याचं कानावर आलं तेव्हा तो सरळ माझ्याकडंच आला. “तुझी केस कुणी केली रं?” शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. अक्का नव्हती, दाजी नव्हते, भावकीतलं कुणी नव्हतं. खरं बोलायला एवढी सोयीची जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, “दाजींनी.” त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि निघून गेला. मी त्याच्या पाठीकडं बघत राहिलो. दाजींनी त्याचं काम घेतलं, प्रेमानं घेतलं, आणि सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या नंबरावर घेतला. सुनावणीच्या तारखा आल्या आणि गेल्या. एकतर्फी आदेश झाला, बँकेतलं खातं गोठवलं. आनंदानं मशीन विकली. आता तो कागलला दुसऱ्याच्या कारखान्यात पाळी करतो. त्याची माझ्यावर काही तक्रार नाही. हेच सहन होत नाही. भेटला की म्हणतो, “आपलं नशीबच न्हवतं गड्या. तुझ्या दाजींनी लई धावपळ केली माझ्यासाठी.”

हे मी ताईंना सांगायला गेलो होतो, शेवटचं भेटलो तेव्हा. त्या आजारानं बारीक झाल्या होत्या, पण फाइली उशाशी होत्या. मी आनंदाचं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. झोपल्या असं वाटलं मला... मग म्हणाल्या, “मुदतीत आला असता तर अपील करता आलं असतं. साधी केस होती दादा.” आणि थोड्या वेळानं, “त्याला सांगितलंत?” मी म्हणालो, सांगतो. त्या म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? मी तर तुमच्या बाजूची.”

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, बुद्धवंदना झाली. मग एकेकजण उठून बोलू लागला. तो व्हरांड्यातला म्हातारा आता काठी टेकत उठला आणि म्हणाला, “बाईंनी मला माझी सही वाचायला शिकवली,” आणि खाली बसला. त्यांचे यजमान माझ्याकडं बघत होते. मी उठलो, हात जोडले, माझी केस यांनी केली म्हणालो, शेडमधलं जेवण सांगितलं, सगळं सांगितलं. माझा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू येत होता. मग लोक उठायला लागले आणि मला कळलं, मी बसूनच आहे.

म्हणून हे लिहिलं. अक्का आता माझ्याशी बोलणार नाही, दाजींना वाईट वाटेल, आणि तो हक्क त्यांना आहे. पण छापलेलं वाचणारे मला समोर दिसत नाहीत, म्हणून मला हे जमलं, हेही मला कळतं. आनंदा पेपरातली ही पुरवणी वाचत नाही. पाळी संपवून तो संध्याकाळी माझ्या शेडवरूनच घरी जातो, हात वर करतो, आणि मीही हात वर करतो. माझी केस वंदना कांबळे यांनी केली होती, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो आणि त्यात तुझी मशीन गेली, हे आनंदाला तोंडावर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.